शुभेच्छुकांच्या ओळीत

"अवो, खाली येवा बघू आधी!" प्रेमा रस्त्यावरून ओरडली.

चंद्रप्रकाश बनियनवरच उतरला. तिने बोट दाखवलं तिकडे त्याने वर बघितलं आणि तो जागच्या जागी थिजला. भांडुपच्या त्यांच्या चाळीवर, पहिल्या मजल्याची गॅलरी झाकून, सकाळीच कुणीतरी भलामोठा फ्लेक्स बांधला होता. 'कर्तव्यदक्ष पोलीस निरीक्षक डुंबरेसाहेब यांचे बढतीबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध डुंबरे, शेजारी हात जोडलेले नगरसेवक हर्षददादा. आणि खाली शुभेच्छुकांच्या ओळीत, कपाळाला टिळा लावून दात काढणारा खुद्द चंद्रप्रकाश!

याच डुंबरेने दिवाळीच्या तोंडावर त्याच्या प्रीतमचा गुडघा फोडला होता. पोराचा गुन्हा काय? नळाला पाणी नाही म्हणून चाळीतली माणसं रिकामे हंडे घेऊन हर्षददादाच्या ऑफिससमोर उभी राहिली, त्यांत तोही होता. दादाने आतून एक फोन फिरवला, पोलिसांची गाडी आली, काठ्या सुरू झाल्या. प्रीतम खाली पडला तरी डुंबरे मारतच होता. आणि कागदावर काय? तर जमाव हिंसक झाला. हंडे घेऊन हिंसक! थू तुमच्या जिंदगानीवर.

उद्या त्या मारहाणीची सुनावणी होती. चंद्रप्रकाश आणि खालच्या खोलीतले नाना, डोळ्यांनी बघितलेले हे दोघेच बोलायला तयार झाले होते. बाकी सगळ्यांची दातखीळ बसली होती.

चंद्रप्रकाश तडक नाक्यावर नितेशच्या फ्लेक्सच्या दुकानात गेला.

"काका, आईशप्पथ, मुद्दाम नाही केलं," नितेश म्हणाला. "मंडळाचा फोल्डर आहे ना आपला, गणपतीचा. दादाच्या माणसाने सांगितलं, खाली नेहमीचे चेहरे टाक. मी टाकले. कोण बघतं यार खालच्या ओळीत?"

"माझी बायको बघते. माझा पोरगा बघेल. काढ माझा फोटो."

"दादाला विचारल्याशिवाय हात नाही लावू शकत, काका. माझी वाट लागेल."

इलेक्ट्रिशियन माणूस तो, मंडळाचं लायटिंग वर्षानुवर्षं फुकट करायचा. म्हणून तर त्या ओळीत त्याला जागा मिळाली होती. पहिल्यांदा चेहरा लागला तेव्हा केवढं अप्रूप! त्याने फोटो काढून गावी मालवणला पाठवला होता. आज तोच चेहरा बघून त्याला किळस येत होती.

परत आला तर जिन्यात नाना उभे.

"चंदू, मी काही उद्या येत नाही."

"का हो नाना?"

"मलाच विचारतोस? वर तूच हसतोयस. तुझं आतल्या आत मिटलं असेल, तर आम्ही कशाला मरायचं?"

"माझ्या पोराचा गुडघा गेलाय नाना! मी मिटवीन?"

"मला काय ठाऊक? फोटो तर लागलाय."

जिन्यामागे ठेवलेली शिडी चंद्रप्रकाशने काढली. याच शिडीवर चढून त्याने दादाचे कितीतरी बॅनर बांधून दिले होते. खिशात कटर टाकला आणि भर दुपारी, सगळ्या चाळीदेखत तो वर चढला. सगळे टकामका बघत राहिले.

"ओ काका!" दादाचा माणूस बाइकवरून ओरडला. "दादाचं बॅनर आहे ते!"

"दादाचं आहे ते ठेवतो. माझं थोबाड तेवढं नेतो."

"महागात पडेल हां!"

"अजून काय तोडणार रे?" चंद्रप्रकाशचा आवाज फाटला. "दुसरा गुडघा? जा, बोलव तुझ्या साहेबाला!"

त्याने कटर रुतवला. शिडी डगमगत होती. अचानक ती घट्ट झाली. त्याने खाली पाहिलं. नानांनी दोन्ही हातांनी शिडी धरली होती. ते वर बघत नव्हते.

"तुझ्या फोटोच्या बाजूला माझाच फोटो आहे ना रे?" नाना पुटपुटले.

"हो."

"मग मलाही काढ."

दोघांच्या चेहऱ्यांचा कापलेला तुकडा धड दुमडेना. आपलंच हसू हातात घेऊन ते कुठे टाकावं, हे चंद्रप्रकाशला कळेना. त्याने ते बनियनमध्ये खुपसलं.

फ्लेक्सच्या मागे, गॅलरीत प्रीतमची खाट होती. सकाळपासून अंधारात पडलेला प्रीतम उजेड आला तसा कुबडी घेऊन उठला, कठड्याला टेकला आणि त्या भोकातून बाहेर बघू लागला.

खाली उभ्या प्रेमाने पदर तोंडाला लावला. वर डुंबरे हसत होता, हर्षददादा हसत होता, सगळे शुभेच्छुक हसत होते. त्यांच्या ओळीत आता प्रीतमचा चेहरा होता. तो हसत नव्हता.