ड्रिलच्या बाईंचा भोंगा

मला रुंद तोंड आहे, धरायला दांडा आहे, पण जीभ नाही. मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून, कळ दाबून बोलायचा. बोलणारा हळू बोलला तरी त्याचे शब्द मी मैदानापलीकडे पोचवतो. माझं स्वतःचं काही मात्र मी कधी बोललो नाही. आज पहिल्यांदाच बोलतो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथली एक ताई प्रत्येक भोंगा तोंडाशी धरून "हॅलो, ऐकू येतंय का?" असं विचारायची आणि लांब उभी असलेली दुसरी ताई अंगठा दाखवायची. माझा आवाज जरा घोगरा निघाला. दोघींना हसू फुटलं, पण मी पास झालो.

पुढे एका शाळेने मला विकत घेतलं आणि ड्रिलच्या बाईंच्या हाती दिलं. बाई उंच, काटक, तोंडाने फटकळ. त्यांच्या माघारी मुलं त्यांना 'भोंगाबाई' म्हणत. एकदा माझी कळ दाबलेलीच राहिली आणि मुख्याध्यापकांविषयी बाई जे पुटपुटल्या ते अख्ख्या शाळेने ऐकलं! पण मुलांचा बाईंवर जीव होता. मी "रांग करा" म्हटलं, की सगळ्यांत दंगेखोर पोरगंही धावत येऊन रांगेत उभं राही. क्रीडा दिनाला पाहुणे माझ्या पाठीवर थाप मारत, तेव्हा मी फुगून जायचो.

बाई ज्यू होत्या. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याजवळ राहायच्या. त्या शहरात ज्यूंची घरं अगदी मोजकी होती आणि त्यांच्या छोट्या प्रार्थनाघराचा कारभार भावाकडे, म्हणजे दादांकडे होता. शुक्रवारी सूर्य मावळला, की त्यांचा शब्बाथ सुरू होई. तो विसाव्याचा दिवस. शनिवारी संध्याकाळपर्यंत घरात कुणी यंत्राला हात लावत नसे. बाई मला रोज घरी नेत, त्यामुळे मीही तिथे कपाटावर गप्प बसून असायचो. जेवणं झाली की दादा आजीची हकीकत सांगत. ज्यू आहे म्हणून आजीला तिच्या गल्लीतून नेसत्या कपड्यांनिशी हाकललं होतं. शेजाऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे हलले, पण दार एकानेही उघडलं नाही. "हे आपण विसरायचं नाही," असं म्हणून दादा उठत.

शाळेमागे नाल्याच्या काठाला पत्र्याच्या घरांची वस्ती होती. बाईंची बरीच मुलं तिथली. रस्ता रुंद करायला ती वस्ती पाडायची, असं ठरलं. बाई मला घेऊन सभांना जाऊ लागल्या. एका रात्री जेवताना दादांनी विषय काढला.

"अगं, आपण मूठभर माणसं. कशाला लोकांच्या डोळ्यांवर यायचं?"

"मग आजीची गोष्ट कशाला सांगतोस, दादा?"

"ती आपली गोष्ट आहे."

"आपली आहे म्हणूनच म्हणते."

वहिनींनी गुपचूप ताटं उचलली.

पाडकाम नेमकं एका शनिवारी सुरू झालं. सकाळी वस्तीतली एक आई धापा टाकत दाराशी आली. "बाई, मशीन आलं! आमचे सासरे आत झोपलेत. त्यांना उठता येत नाही आणि कुणी ऐकूनच घेईना!"

दादा प्रार्थनेची शाल घेऊन निघायच्या बेतात होते. बाईंनी कपाटावर हात घातला.

"आज शब्बाथ आहे," दादा म्हणाले.

"जीव वाचवायला शब्बाथ मोडलाच पाहिजे. हे मला कुणी शिकवलं?"

दादा वाटेतून बाजूला झाले.

बाई मातीच्या ढिगाऱ्यावर चढल्या. "थांबा! आत माणूस आहे!" मित्रांनो, त्या क्षणी मी अंगातलं सगळं बळ लावलं. मशीन चालवणाऱ्याने मान वळवली आणि इंजिन बंद केलं. चौघांनी आजोबांना खाटेसकट बाहेर आणलं. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान. तो फार वेळ टिकला नाही.

पाडकामावरचे साहेब ढिगाऱ्यापाशी आले. "झालं ना तुमचं काम? आता आमचं करू द्या," असं म्हणून त्यांनी मला ओढलं. बाईंनी माझा पट्टा घट्ट धरला. एका महिला पोलिसाने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. साहेबांनी कळ दाबली.

"सगळ्यांनी ताबडतोब बाहेर या. घरं रिकामी करा."

ते शब्द माझ्या तोंडून गेले. मी तुटून पडावं, निदान सेल तरी संपावेत, असं फार वाटलं. पण सेल नवे होते, बाईंनीच घातलेले. वस्तीतली मुलं माझा घोगरा आवाज ओळखत होती. ती निमूट बाहेर आली. धाकटी तर सवयीने रांगेत उभी राहिली. त्यांच्या पाठीमागे पत्रे कोसळू लागले. बाई ओरडत होत्या, पण त्यांचा आवाज माझ्याविना कुठवर जाणार?

थोड्या वेळाने दादा आले. प्रार्थनाघरातली सगळी माणसं सोबत होती. तोवर पाडायला फारसं काही उरलंच नव्हतं. दादांनी एका म्हातारीच्या हातातलं गाठोडं घेतलं. "आमच्याकडे चला. दार उघडं ठेवलंय," एवढंच ते म्हणाले. काही दिवस ती माणसं प्रार्थनाघरात राहिली. मग त्यांना शहराबाहेर लांब कुठेतरी खोल्या मिळाल्या आणि मुलांची ही शाळा कायमची सुटली.

ती मुलं जाण्याआधीची एक सकाळ माझ्या मनातून जात नाही. पाडकाम संपल्यावर साहेबांनी मला तिथेच टाकलं होतं आणि बाईंनी परत आणलं होतं; त्या सकाळी ड्रिलच्या तासाला त्यांनी मला पुन्हा उचललं. कळ दाबताच मी नेहमीसारखं कुईं केलं. वस्तीतल्या एका लहानगीने दोन्ही कानांवर हात दाबले आणि ती भिंतीला चिकटून खाली बसली. बाईंनी मला खाली ठेवलं आणि तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांनी मला कधीच तोंडाशी धरलं नाही.

आता मी खेळांच्या खोलीत, फुटक्या चेंडूंच्या टोपलीत पडून आहे. आतले सेल पाझरले, स्प्रिंग गंजली. मित्रांनो, कधी तुमच्या हाती लागलो, तर मला पुसा, नवे सेल घाला. पण कळ दाबण्याआधी समोर कोण उभं आहे ते नीट बघा. आणि कुणी मला तुमच्याकडून मागितलं, तर तो काय बोलणार आहे ते आधी विचारा. मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येतं.