पाच पिवळ्या पिशव्या

दाराला कुलूप लावता लावता लेकीने वडिलांना बजावलं, “बाबा, आजचा एक दिवस हिशोब नको. तोंडाने नको, बोटांनी नको आणि डोळ्यांनी तर मुळीच नको.”

“डोळ्यांनी कुणी हिशोब करतं का?”

“तुम्ही करता.”

आरोप खरा होता. बस डेपोच्या भांडारात एकतीस वर्षं त्यांनी नट, बोल्ट, ऑइलचे डबे मोजून दिले होते आणि मोजून परत घेतले होते. सगळा डेपो या वडिलांना मोजकाका म्हणायचा, तेही पाठीमागे नव्हे, तोंडावर. दोन वर्षांपूर्वी लेकीचं एक स्थळ ठरत आलं होतं. समोरच्यांनी लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांचा आकडा सांगितला आणि मोजकाकांच्या तोंडून निघून गेलं, “यातले जेवणारे किती?” ती मंडळी चहाचे अर्धे कप तसेच ठेवून उठली, ती कायमचीच.

आता लेक एकोणतीस वर्षांची होती. हॉस्पिटलात रक्त तपासायची. तिथेच एक्स-रे काढणारा मुलगा तिला आवडला होता, तिला तो आवडल्याचं त्यालाही आवडलं होतं. अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. ते इमारतींचे कंत्राटदार. चार महिने लग्नाची तारीख विचारली की म्हणायचे, “बघू.” शेवटी त्यांनीच तोडगा काढला: दोन्ही घरांनी एक दिवस मोठ्या मनोरंजन उद्यानात घालवायचा, माणसं जोखायची आणि संध्याकाळी तारखेचं बोलायचं. तिकिटं त्यांची, पोटाची सोय मोजकाकांची.

पोटाची सोय म्हणजे उद्यानाची जेवण योजना. माणशी एक कार्ड, कार्डावर एक जेवण आणि तीन खाऊ, शिवाय भेट म्हणून एक पिवळी कापडी पिशवी. मोजकाकांनी योजनेचं पत्रक तीनदा वाचलं होतं. बारीक अक्षरातलं तर चार वेळा. जेवण तळ्याकाठच्या मोठ्या हॉटेलात घेतलं तर पैसे सव्वापट वसूल. तेच जेवण गाडीवरच्या सँडविचवर उडवलं तर निम्मे पाण्यात. खाऊमध्ये केक सर्वांत महाग, पाण्याची बाटली सर्वांत स्वस्त. संध्याकाळी सहा वाजता उरलेलं सगळं बाद. आणि घेतलेलं खायचं ते आतच, बाहेर न्यायचं नाही. एवढं सगळं पाठ असलेल्या माणसाला ‘हिशोब नको’ म्हणणं म्हणजे गवयाला मैफिलीत बसवून मान हलवू नको म्हणण्यासारखं होतं.

फाटकातून आत शिरून दहा मिनिटं झाली नसतील, कंत्राटदारांनी खाऊच्या कार्डावर पाण्याची बाटली घेतली. गार पाण्याचा नळ तिथून चार पावलांवर होता.

मोजकाकांनी जीभ दाताखाली धरली.

“काय व्याहीबुवा, गप्पसे?”

“छे छे. झाडं बघतोय.”

“बघा, बघा. आमच्याकडे कसं असतं, खिशात हात घालायचा, येईल ते द्यायचं. हिशोबाची वही नावाची वस्तू आमच्या घरात नाही. लग्न झालं तेव्हा ही लिहायची. पहिल्याच महिन्यात म्हटलं, हे मास्तरकीचं शाळेत. दिली वही फाडून!” ते बायकोकडे बघून हसले.

बायकोही हसली. चौतीस वर्षं शाळेत काढलेली, निम्मी मुख्याध्यापक म्हणून. अजूनही सगळे तिला हेडबाई म्हणत. अशा बाईला हवं तेव्हा हसता येतं.

दुपारी तळ्याकाठच्या हॉटेलासमोर रांग होती. मोठी नव्हे, मोजकाकांच्या अंदाजाने वीस मिनिटांची. कंत्राटदार म्हणाले, “जेवायला रांग? हे काय दवाखाना आहे?” आणि पाच कार्डांवरची पाच जेवणं गाडीवरच्या सँडविचवर उडाली. मोजकाका सँडविच चावत होते ते दाढदुखी असलेल्या माणसासारखे. त्यांचं बोट टेबलावर आपोआप फिरायला लागलं. टेबलाखालून लेकीचा पाय त्यांच्या पायावर पडला, जरा जोरातच.

“काका, मोहरीचा सॉस जास्त झाला का?” मुलाने काळजीने विचारलं.

“नाही रे बाबा. बरोबर आहे.”

पण लेकीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. कंत्राटदारांचं लक्ष त्या बोटाकडे गेलं होतं. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या होत्या. मोजकाकांना वाटलं, आता काहीतरी केलंच पाहिजे. त्यांनी खिशातून प्लास्टिकचं पाकीट काढलं, त्यातली पाचही कार्डं हेडबाईंच्या पुढे ठेवली.

“बाई, ही तुमच्याकडेच राहू देत. मला कुठे कळतंय यातलं.”

लेकीने पाय मागे घेतला. तिने वडिलांकडे असं काही बघितलं की मोजकाकांना गाडीवरचं सँडविचसुद्धा परवडलं.

पुढची दुपार मात्र त्यांनी कशी काढली ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. कंत्राटदारांनी एक कॉफी घेतली. मुलांनी दोन आईस्क्रीम घेतली. सकाळची पाण्याची बाटली धरून झाले चार. पंधरातून चार गेले. मोजकाका डोळे मिटून बसले, तर मिटल्या डोळ्यांपुढे अकराचा आकडा. मुलं उंच पाळण्यावर गेली होती. कंत्राटदार बाकावर मान टाकून घोरत होते. पाच पिवळ्या पिशव्यांतल्या चार बाकाखाली होत्या. पाचवी घेऊन हेडबाई “जरा हात धुऊन येते” म्हणून गेल्या, त्या अर्ध्या तासाने आल्या. पिशवी इतर पिशव्यांत सरकवून त्या बसल्या.

“गर्दी होती,” त्या म्हणाल्या.

“असणारच,” मोजकाका म्हणाले. घड्याळात सहाला दहा कमी होती. अकरा खाऊ आता दहा मिनिटांत मरणार होते आणि त्यांना कुणाला सांगताही येत नव्हतं.

सहाला सगळे निघाले. मुलाने होणाऱ्या जावयाच्या उत्साहाने पाचही पिशव्या स्वतःच्या खांद्याला लावल्या. बाहेरच्या फाटकाशी लांब टेबल होतं, टेबलामागे मिशीवाला सुरक्षारक्षक. मुलाने पिशव्या टेबलावर रांगेत ठेवल्या. पहिलीत छत्री निघाली. दुसरीत स्वेटर. तिसऱ्या पिशवीत रक्षकाचा हात गेला आणि थांबला.

कागदी रुमालात गुंडाळलेला केक. मग दुसरा. मग तिसरा. रक्षक एकेक काढून टेबलावर ठेवत होता, पत्ते मांडावेत तसा. मागच्या रांगेतली माणसं माना लांब करून बघायला लागली.

“योजनेतलं खाणं बाहेर नेता येत नाही. फलक वाचला नाही का?” रक्षक म्हणाला. “कुणाची पिशवी?”

मुलगा गोंधळून आळीपाळीने सगळ्यांकडे बघत होता. लेक बघत होती फक्त वडिलांकडे.

मोजकाका तिच्याकडे बघत नव्हते. भांडारातला माल बाहेर जाऊ नये म्हणून डेपोच्या फाटकावर ते स्वतः कितीतरी वर्षं अशाच टेबलामागे उभे राहिले होते. सुटीच्या वेळी कामगारांचे डबे उघडून बघायचे, कुणाच्या डब्यात पितळी नळी आहे का, बेअरिंग आहे का. तिथे ते एक गोष्ट शिकले होते. माल निघाला की सगळे मालाकडे बघतात. ज्याचा माल असतो तो तपासणाऱ्याच्या तोंडाकडे बघतो, आता हा काय म्हणणार म्हणून.

हेडबाई रक्षकाच्या तोंडाकडे बघत होत्या.

“सांगा लवकर,” रक्षक म्हणाला. “नाहीतर खाऊच्या काउंटरवर कॅमेरा आहे. पाच मिनिटांत कळेल, कोण आलं होतं. मग सगळ्यांनाच ऑफिसात यावं लागेल.”

“हो हो, लावा कॅमेरा!” कंत्राटदार ताठ होऊन म्हणाले. “आमच्या घरातलं कुणी असलं काही करणार नाही. लावाच तुम्ही.”

रक्षकाने टेलिफोनचा रिसीव्हर उचलला.

मोजकाकांना एवढाच वेळ होता आणि तेवढा त्यांना पुरला. कॅमेरा लावला तर ही बाई नवऱ्यासमोर, मुलासमोर, होणाऱ्या सुनेसमोर उघडी पडणार. आणि ज्यांच्यासमोर आपली लाज गेली त्यांच्या घरची मुलगी कोण सून करून आणतं? स्थळ आजच तुटणार. आपण पुढे झालो तर? तरीही तुटेल कदाचित. पण कदाचित.

“माझी आहे,” ते म्हणाले.

“बाबा!”

लेकीचा आवाज इतका बारीक निघाला की मोजकाकांना ती सात वर्षांची असल्याचा भास झाला.

कंत्राटदार आधी चकित झाले, मग त्यांना हसू फुटलं. “अहो, पण कार्डं तर हिच्याकडे होती!”

“मागून घेतली. वाटेत गाठलं बाईंना. नाही कसं म्हणणार बिचाऱ्या.”



रक्षकाने रिसीव्हर ठेवला, खालच्या कप्प्यातून जाड वही काढली. नाव, वस्तू, नग, सही. रकाने सगळे ओळखीचे होते. या वहीच्या उलट्या बाजूला उभं राहायची वेळ मात्र पहिलीच. रक्षकाने लिहून वही त्यांच्याकडे फिरवली. मोजकाकांनी पेन हातात घेतलं आणि थबकले.

“दहा लिहिलेत.”

“मग?”

“अकरा आहेत. नीट मोजा.”

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. रक्षकाने मोजले. अकरा भरले. लेकीने डोळे मिटून घेतले. आता तिच्या मनात काडीचीही शंका उरली नव्हती.

गाड्यांच्या तळापर्यंतचा रस्ता लांब होता. पुढे कंत्राटदार मुलाच्या खांद्यावर हात टाकून चालले होते आणि त्यांचा आवाज, नेहमीप्रमाणे, मागच्यांनाही ऐकू येत होता. “अकरा केक! एक नाही, दोन नाही. अरे, आपल्या कार्यात हा माणूस पंगतीत उभा राहून घास मोजेल. मुलगी चांगली आहे, मी नाही कुठे म्हणतोय? पण चार महिने थांबलो, आणखी चार थांबू. घाई काय आहे?”

मुलगा म्हणाला, “बाबा, हळू बोला ना.” त्यांच्या मागून लेक चालली होती, मान खाली घालून, भराभर. तिला वडिलांबरोबर चालायचं नव्हतं आणि पुढच्यांना गाठायचंही नव्हतं.

सगळ्यांत मागे मोजकाका. त्यांच्या बाजूला हेडबाई कधी आल्या ते त्यांना कळलंही नाही.

“मी सांगते त्यांना,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आत्ताच सांगते.”

“नको.”

“असं कसं नको? तुमची लेक…”

“सही माझी झालीय, बाई. वहीत खाडाखोड चालत नाही.”



“जीव तुटत होता हो माझा,” हेडबाई म्हणाल्या. “अकरा! तुमचे पैसे भरलेले. चाळीस वर्षं बघतेय मी हे, नळापाशी बाटली विकत घेणं. म्हटलं, पिशवीत टाकू आणि तुमच्या लेकीच्या हातात देऊ, घरी गेल्यावर. बाहेर नेता येत नाही हे माहीत नव्हतं मला.”

“बारीक अक्षरात होतं.”

“तुम्ही वाचलं असणार.”

“चार वेळा.”

हेडबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. “तुम्ही का घेतलंत अंगावर? माझी काय पत्रास तुम्हाला?”

मोजकाकांनी पुढे बघितलं. कंत्राटदारांनी गाडीचं दार उघडलं होतं. चार महिने, आणखी चार महिने. लेक जरा बाजूला उभी राहून पर्समध्ये नसलेलं काहीतरी शोधत होती.

“तारीख द्या,” ते म्हणाले.

हेडबाई थांबल्या. शाळेत दांडी मारून खरं कारण सांगणाऱ्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी मोजकाकांकडे बघितलं.

“आणि नाही दिली तर? कॅमेरा बघायला सांगाल?”

“नाही सांगणार. नाही दिलीत तरी नाही.” मोजकाका म्हणाले, “पण द्या.”

“पक्के आहात,” हेडबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांची चाल बदलली होती. वर्गात गोंधळ चालू असताना मोठ्या बाई व्हरांड्यातून येतात, तशी.

“गाडीत बसायच्या आधी एक ठरवायचंय,” त्या म्हणाल्या. “लग्न पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला.”

कंत्राटदारांचा हात दारावरच राहिला. “अगं, आत्ता पाहिलंस ना सगळं?”

“पाहिलं. म्हणूनच म्हणते.”

“म्हणूनच? काय म्हणूनच? जरा बघू, विचार…”

“चार महिने बघून झालं. वीस तारीख. कार्याच्या जेवणाचं व्याही आणि मी मिळून बघू. तुम्ही त्यात पडायचं नाही.”

“तू कधीपासून ठरवायला लागलीस?”

“बसा गाडीत,” हेडबाई म्हणाल्या.

कंत्राटदारांनी मुलाकडे बघितलं. मुलगा लेकीकडे बघत होता, तोंड उघडं टाकून. लेकीने पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. मग ती वाकून हेडबाईंच्या पाया पडायला गेली, तेव्हा हेडबाईंनी तिला मध्येच धरलं आणि म्हणाल्या, “माझ्या नको. आधी त्यांच्या पड.”

लेकीला तो मोठ्यांचा मान वाटला. तिने मान राखायला वडिलांच्या पायाला बोटं लावली आणि वर बघितलं नाही.

कंत्राटदारांची गाडी गेली. परतीच्या बसमध्ये लेक वडिलांच्या पुढच्या सीटवर बसली. शेजारची जागा रिकामी होती तरी. बऱ्याच वेळाने, मागे न वळता, ती म्हणाली, “एक दिवस, बाबा. एकच दिवस मागितला होता.”

मोजकाकांकडे उत्तर होतं. चोख होतं, अकराच्या अकरा नगांसकट. ते त्यांनी दोनदा तोंडापर्यंत आणलं.

“चुकलं,” ते म्हणाले.

मग तिचा मोबाईल वाजला, हॉस्पिटलातल्या मैत्रिणीचा. “अगं, वीस!” लेक ओरडलीच. “हो, पुढच्याच महिन्यात! शपथ! नाही गं, त्यांच्या आईनेच ठरवलं, काय बाई आहे…” बोलता बोलता ती हसत होती, खांदे हलवून, आणि अख्खी बस तिच्याकडे बघत होती. मोजकाकांना तिचा चेहरा दिसत नव्हता. पाठ दिसत होती, वेणी दिसत होती. ते पुढच्या सीटच्या दांडीवर दोन्ही हात ठेवून त्या पाठीकडे बघत बसले, आपला थांबा येईपर्यंत.