आयसी गेला म्हणे!

मी थ्री-एटी-सिक्स बोलतोय. नखाएवढा काळा आयसी, आठ पायांचा. काम एकच, बारीक आवाज मोठा करून स्पीकरला द्यायचा. ताकद जेमतेम अर्धा वॅट. हसा, हसा. हसणाऱ्यांची अक्कल मी जवळून पाहिली आहे.

जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण माणसं कळली ती अंबाडी नाक्यावर, सुभाषच्या दुकानात. सुभाष डीजेवाला. रिपेरिंगही करतो, म्हणजे तसं तो म्हणतो. काहीही बिघडो, गडी चष्मा कपाळावर सरकवून एकच निदान करणार, "आयसी गेला!" मीटर लावून बघेल तर शपथ. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

एका दुपारी अकलोलीकडच्या पाड्यावरून हौसाबाई आली. सोबत लेक सरू. हौसाबाई धवलेरी आहे. तिनं गाणी म्हटल्याशिवाय पाड्यात लग्न लागत नाही. पण आता तिचा घसा बसला होता. चार दिवसांवर पाड्यातल्याच बारक्याच्या मुलीचं लग्न, आणि पाड्यावरची पोरं म्हणत होती, म्हातारीचं ऐकू येत न्हाय, डीजेवरच उरकून टाकू.

"गल्यात अडकवायचा डबा करून दे, दादा," ती म्हणाली. "माझं गानं ऱ्हायलं तर पोरीचं लगीन लागलं कसं म्हनायचं?"

सुभाषनं डबा केला. पण डीजेवाल्याची खोड जाते थोडीच! आमच्या पहिल्या नि आठव्या पायात एक कंडेन्सर टाकला की आवाज वीसपटीऐवजी दोनशेपट होतो. यानं टाकला. माइक आणि स्पीकर वीतभर अंतरावर, आणि वर दोनशेपट! स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये. डबा शिट्टी मारू लागला. कंडेन्सर काढायचं सोडून या दीडशहाण्यानं माझे दोन धडधाकट भाऊ उपटून कचऱ्यात फेकले. तिसरा मी. मीही किंचाळलो. काय करणार?

"माल बोगस येतो हल्ली," सुभाष म्हणाला. "असाच ने, मावशी. लग्नात कोन ऐकतंय?"

हौसाबाईचं तोंड एवढंसं झालं. सरू डबा घेऊन टमटममध्ये बसली.

आमच्या वाटेवरचे खड्डे म्हणजे विचारू नका. सुभाषचा डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, नेहमीसारखाच कच्चा. एका आपट्यात तो कंडेन्सर सुटला आणि डब्याच्या तळाशी जाऊन पडला. सुभाषच्या हातून घडलेलं हे एकमेव चांगलं काम, आणि तेही त्याला ठाऊक नाही.

लग्नाच्या दिवशी मांडवाबाहेर सुभाषचे बारा खोके थडथडत होते. हौसाबाईनं भीतभीत बटण दाबलं. शिट्टी नाही! ती गाऊ लागली. बारीक, खरखरीत आवाज, पण शब्द न् शब्द सुटा. शेजारी बसलेल्या बारक्यानं चमकून पाहिलं आणि तो तडक बाहेर गेला.

"सुभाषशेठ, बंद कर ते."

"अरे, आत्ताशी रंग चढतोय!"

"बंद कर म्हंतो ना! आमची धवलेरी लगीन लावते हाय."

खोके गप्प झाले. मग सगळ्या मांडवानं हौसाबाईला ऐकलं, पोरांनीसुद्धा. मला कुणाचं कौतुक करायची सवय नाही. पण तिचा आवाज माझ्या अंगातून जाताना मला बरं वाटलं. खरंच सांगतो, फार बरं वाटलं.

लग्न लागलं. सुभाष छाती काढून आला. "बघितलं? आपलं काम!" त्यानं डबा उघडला. "अरे, हा कंडेन्सर सुटलाय. थांब, लावून देतो."

सरूनं डबा हिसकावला. "हात लावून बघ! तुझं काम गळून पडलं तवाच हा बोलाया लागला."

आता मी सरूच्या घरी खुंटीला असतो. संध्याकाळी हौसाबाई मला गळ्यात घालून लेकीला गाणी शिकवते. सरूचा गळा खणखणीत आहे, तिला माझी गरज पडणार नाही. पडूही नये. फक्त तिची आय गाते आहे तोवर कुणीतरी माझे सेल बदलत जा, एवढंच मागणं आहे.