कॅमेऱ्याचा वाटा

मासिकाच्या कव्हरवर मी काढलेला फोटो यायचा म्हणजे यायचाच, असं मी ठरवून बसले होते. आजवर सगळी हजेरी आतल्या पानांवर. लग्नातले दागिने, जत्रेतलं खाजं, कोणाकोणाचे सत्कार. आमच्या गावी, सर्वणला, बाबा शेतातून घरी आले की कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारायचे, "ह्या डब्यान पोट भरता काय गो?"

आणि आता हरमलची रापण, म्हणजे सगळे मिळून किनाऱ्यावरून ओढतात ते मोठं जाळं, चक्क कव्हरसाठी माझ्याकडे आली होती. पण संपादक प्रवीणने कालचे फोटो बघून नाक मुरडलं. "गौरवी, पर्यटकासारखे लांबून काढलेस. उद्या दुपारपर्यंत दे, नाहीतर कव्हर दुसऱ्याला." मेल्याला एसीत बसून बोलायला काय जातं.

सकाळी हट्टाने ओढणाऱ्यांच्या मधोमध घुसले. रापणीचे म्होरके रघुनाथ खेकसले, "मधी उभी ऱ्हाव नको. दोरी धर, नायतर कुशीक हो."

धरली दोरी. इथला नियम असा, की एकदा धरली की जाळं वाळूवर येईपर्यंत सोडायची नाही. हात सोलवटले, पण काय मजा आली म्हणून सांगू. सगळे एकदम मागे रेलायचे, त्यांच्याबरोबर मीही. जाळं जवळ आलं आणि पाण्यात बांगडेच बांगडे उसळले. माझ्यापुढे दोरीवर रघुनाथांची बायको यशोदा होती. ती मागे वळून ओरडली, "ओढ गो बाय, ओढ." तिचं ते तोंडभर हसू, पलीकडे उसळते बांगडे, आणि माझे दोन्ही हात अडकलेले.

दोरी बगलेत दाबली, एका हाताने आवळून धरली आणि दुसऱ्याने गळ्यातल्या कॅमेऱ्याचं बटण न बघताच दाबलं. म्हटलं, मिळेल ते.

जाळं वाळूवर आल्यावर बघितलं, तर फोटो वाकडा आला होता. कोपऱ्यात माझंच सोललेलं मनगट. वाटलं, बोंबलला कारभार. तरी तिथूनच पाठवला. प्रवीणचा लगेच फोन, "हाच. कव्हर तुझं." मी वाळूत नाचले, खरंच नाचले.

तोवर यशोदा वाळूवर वाटे घालत होती. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. माझ्यापुढे तिने दोन ठेवले.

"दुसरो कोणाचो?" मी विचारलं.

"तुज्या कॅमेऱ्याचो. तेणांय काम केला न्हय?"

माझे डोळेच भरून आले.

दुपारी सर्वणला बाबांच्या ताटात त्यातलाच बांगडा वाढला आणि सांगितलं, "हो डब्याचो वाटो." बाबांनी तो चवीने खाल्ला. काटा बाजूला केला, कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि ताट पुढे सरकवलं.

"आनीक एक वाड."