माझी चेन अडकली तेव्हा

मी सॅक बोलतेय. बिबवेवाडीतल्या पूर्णिमाच्या कपाटावर बसलेली निळी सॅक, तीच मी.

माझे उमेदीचे दिवस स्वारगेटच्या एका दुकानाच्या दारात टांगून राहण्यात गेले. येणाराजाणारा माझी चेन ओढून बघायचा आणि न घेताच निघून जायचा. शेवटी पूर्णिमानं मला खाली उतरवलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते, चाळिशी उलटलेली, एकटीच राहते. रोज डबा, छत्री आणि दम्याचा पंप पोटात घेऊन मी तिच्या पाठीवर बसायचे.

एके दिवशी तिनं भावाला सांगितलं, "विश्वजीत, मी बोलिव्हियाला चाललेय. ला पाझ बघायला. एकटीच."

"पर्वती चढताना धापा टाकतेस, आता थेट अँडीज. छान!" तो म्हणाला. मग आवाज उतरला. "अगं, पण दमा?"

"पंप आहे की."

तो पंप माझ्या पोटात होता. भीती मला तेव्हापासूनच वाटत होती.

ला पाझ म्हणजे डोंगरांच्या खोल वाडग्यात सांडलेलं शहर. चढावर चढाव, त्यांवर विटांची घरं, आणि डोक्यावरून सरकणारे रोपवेचे पाळणे. पूर्णिमा लहान मुलीसारखी हरखली. मी मात्र तिचा श्वास ऐकत होते. माझे पट्टे तिच्या छातीला लागूनच असतात. तिची धाप सगळ्यांत आधी मला कळते.

दुसऱ्या दिवशी ती रोपवेनं आणखी वर, डोंगरमाथ्यावरच्या एल आल्टो शहराच्या बाजारात निघाली. पाळण्यात उकडलं म्हणून तिनं शाल काढून घाईघाईनं माझ्यात कोंबली आणि चेन खस्सकन ओढली. वर उतरताच धुळीचा गार वारा अंगावर आला. चार पावलं चालली असेल, तोच तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली.

ती पदपथावरच बसली. मला मांडीवर ओढलं. चेन ओढली, ती हलेना. शालीचं टोक दातांत अडकलं होतं. माझ्याच दातांत! तिनं हिसके दिले, नखांनी ओरबाडलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण सॅकला कसलं आलंय बळ? तिचे ओठ निळसर पडत चालले. लोक वळून बघत होते, पुढे जात होते. तिला त्यांची भाषा येत नव्हती, आणि आता मराठीसुद्धा फुटत नव्हती.

समोर पपया विकणारी एक बाई होती. उंच टोपी, घेरदार घागरा. ती उठली आणि सरळ आमच्याकडे आली. तिच्या हातात सुरी होती.

पूर्णिमानं मला छातीशी घट्ट कवटाळलं. "नको... नको..."

बाईनं मला धरलं. दोघी ओढायला लागल्या. सुरीचं पातं माझ्यासमोर लकाकलं आणि मी गारठले. पण तेवढ्यात बाईनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला, जोरानं श्वास घेऊन दाखवला आणि माझ्याकडे बोट केलं. तिला कळलं होतं! सोड गं पूर्णिमा, सोड मला, मी मनात ओरडत होते.

पूर्णिमाचे हात सैल पडले. तिनं मला सोडलं की तिची शक्तीच संपली, ते मला आजही माहीत नाही.

सुरी माझ्या पोटात शिरली. मी टर्रकन फाटले. पासपोर्ट, मोजे, चटणीचा डबा, सगळं रस्त्यावर सांडलं, आणि त्यात पंप. एक फवारा. दुसरा. किती वेळ काहीच झालं नाही. मग श्वास आला, फाटका, घरघरता, पण आला.

"त्रान्किला, त्रान्किला," शांत हो म्हणत ती बाई तिची पाठ चोळत राहिली. पूर्णिमा तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून रडली.

पुण्यात परतल्यावर तिनं मला मंडईजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं.

"हिला शिवण्यापेक्षा नवी घ्या," तो म्हणाला.

"नवीचं मी विचारलं का?"

त्यानं मुकाट्यानं टाके घातले.

आता मी जुनी झालेय. कुणी चेनीला हात लावला की अजून थरथरते. माझं एकच मागणं आहे. आम्हा सॅकांवर कपडे सोपवा, कागद सोपवा, हवं तर सोनंनाणंही सोपवा. पण ज्याच्यावर जीव अवलंबून आहे ते औषध बाहेर, हाताशी ठेवा. आम्हाला तोंड असतं, पण ते उघडणं आमच्या हातात नसतं.