शामरावला न चालणारं वाक्य

रायपुरातल्या मराठी माणसाला मरणाची भीती वाटत नाही, मेल्यावर आपल्यावर माझं भाषण होणार याची वाटते, असं आमची पद्मिनी म्हणते. बायको आहे, म्हणणारच. पण गेल्या वीस वर्षांत आमच्या मंडळाची एकही शोकसभा माझ्यावाचून पार पडलेली नाही. सत्तेचाळीस भाषणं झाली. मला तयारी लागत नाही. उभा राहतो, गेलेल्या माणसाचे दोन गुण सांगतो, दुसरा सापडला नाही तर त्याच्या बायकोचा सांगतो, आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणतो, "ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो." या वाक्याला बायका पदर डोळ्यांना लावतात आणि पुरुष चपला शोधायला लागतात.

शामरावच्या वेळी नेमकं हेच वाक्य म्हणायचं नव्हतं. तसं वचनच मी देऊन बसलो होतो.

शामराव आणि मी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं बरोबर होतो. मी हजेरीचा क्लार्क, तो पेंटर. दुरुस्त झालेल्या डब्यावर नंबर लिहायचं काम त्याचं. तो भंडाऱ्याकडचा, मी वर्ध्याचा. तो बौद्ध, आणि मी आंघोळ झाल्यावर देवाला पाणी घातल्याशिवाय चहा न पिणारा. आत्मा आहे की नाही, यावर आमचं पहिलं भांडण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात झालं आणि आम्ही दोघं निवृत्त झालो तरी ते मिटलं नाही. दुपारच्या चहाला लोक आमच्याजवळ येऊन बसायचे. तेवढीच फुकटची करमणूक.

त्याचा आवडता दाखला म्हणजे समोर उभा असलेला डबा.

"या डब्याची चाकं बदलली, पत्रा बदलला, स्प्रिंगा बदलल्या, बफर बदलले," तो म्हणायचा. "आता सांग नरहरी, याचा आत्मा कुठी हाय?"

"नंबर!" मी म्हणायचो. "बाकी सारं बदललं तरी नंबर तोच राहते. तोच त्याचा आत्मा."

"अबे, नंबर तर मी लिहितो. ब्रशानं! घाई असली तर माह्या आठाचा तीन होते. मंग आत्मा बदलला का?"

लोक हसायचे, आणि माझा चहा कडू व्हायचा.

एकदाच काय तो मी जिंकलो. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहरातला जुना मोठा दवाखाना रिकामा करून तिथे मंत्रालय बसवलं. कालपर्यंत जिथे सलाइन लागत होतं तिथे सचिव बसायला लागले. मी लूना काढली आणि थेट शामरावच्या दारात.

"पाहा! दवाखाना मेला अन् मंत्रालय होऊन जन्माले आला. याले म्हणतात पुनर्जन्म."

"आत जाऊन आलो मी कालच," तो म्हणाला. "एका ओळखीच्या मास्तरच्या पेन्शनच्या कागदासाठी. मंग तिथं अजून फिनाईलचा वास काहून येऊन राहिला?"

"तोच तर आत्मा!"

शामरावच्या बायकोला, सरितावहिनींना, हसू आवरेना. परत येताना मी पाव किलो पेढे घेतले. पद्मिनीने विचारलं, कशाचे. म्हटलं, राजधानी झाल्याचे.

मात्र एका भांडणात मी असा काही तोंडावर पडलो की ते सांगायला आजही जड जातं. मी सहज म्हटलं होतं, "अरे, आत्मा मानायले तुझं काय जाते?" त्याने हातातला ब्रश रंगाच्या डब्यात ठेवला.

"तुझं काही जात नाही, नरहरी. माह्या आज्याले गावानं सांगतलं होतं, मागच्या जन्मी तुह्या आत्म्यानं पाप केलं, म्हणून या जन्मी वेशीबाहेर राहा, विहिरीले हात लावू नको. न पाहिलेल्या आत्म्याच्या पापापायी आम्ही लय भोगलं. आता मोठ्या मुश्किलीनं तो सुटला. तू परत चिकटवू नको मले."

त्या दिवशी चहा थंड झाला. दुसऱ्या दिवशी त्यानेच विषय काढला, नाहीतर माझी हिंमत झाली नसती.

तर असा हा शामराव, रायपूर राजधानी झाल्याच्या पुढच्या वर्षी, हृदयाच्या दुखण्याने समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात पडला. मी भेटायला गेलो तेव्हा नाकात नळी होती, पण डोळे तेच, वाद उकरून काढणारे.

"मी गेल्यावर तू बोलशीलच," तो म्हणाला. "तुले रोकणं कोणाच्या बापाच्यानं होत नाही. बोल. पण ते तुझं वाक्य नाही म्हणायचं. मृतात्मा, चिरशांती, काहीच नाही. हात दे."

"मरायच्या गोष्टी काहून करून राहिला?"

"हात दे पहिले."

दिला. त्याच्या बोटांच्या पेरांत अजून पांढरा रंग होता, निवृत्तीनंतरही न निघालेला. आठव्या दिवशी तो गेला.

मी रडलो नाही. रडायला वेळच नव्हता, भाषणाची काळजी लागली होती. माझ्या घरात आरशासमोर तालीम सुरू झाली. पद्मिनी पोळ्या लाटता लाटता ऐकायची.

"शामराव स्वर्गवासी झाले..."

"स्वर्ग नाही."

"बरं. शामरावांना देवाज्ञा झाली..."

"देव नाही."

"त्यांची जीवनयात्रा संपून ते अनंतात विलीन..."

"विलीन व्हायला काय शिल्लक आहे हो त्यांच्या मते? सरळ 'गेले' म्हणा ना!"

सरळ 'गेले' म्हणायला मला चार दिवस लागले. आपल्याकडे कुणी नुसतं जात नाही. कुठेतरी जावं लागतं. आणि खरं सांगतो, मला तो कुठेतरी जायलाच हवा होता. नुसता संपला, विझला, हे माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. ते वाक्य माझ्यासाठी भाषणाचं शेपूट नव्हतं. शामराव कुठेतरी आहे, बसायला पाट शोधतोय, असं मला त्या वाक्यातून म्हणायचं होतं. आणि तेवढंच त्याने काढून घेतलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रेल्वे कॉलनीत त्याच्या क्वार्टरसमोर होता. मुलाला रेल्वेत नोकरी लागल्यामुळे क्वार्टर घरातच राहिलं होतं. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्याखाली शामरावचा फोटो, मेणबत्त्या, पांढऱ्या साड्या. त्रिशरण पंचशील झालं. मीही हात जोडून बसलो. एकतीस वर्षांत निम्मं पाठ झालेलं होतं.

मुलगा प्रशिक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अंकल, आप आख़िर में बोलिएगा. पापा ने कहा था."

माझ्याआधी गुलाबराव बोलले. नवं राज्य झाल्यापासून हे गृहस्थ नेते झाले आहेत. दारात जीप चालू ठेवून आले, शामरावला 'श्यामलाल जी' म्हणाले, आणि "भगवान उनकी आत्मा को शांति दे" म्हणून हार घालून निघूनही गेले. कुणी हूं की चूं केलं नाही. पाहुणा माणूस, त्याला काय माहीत. माझं मात्र डोकं फिरलं. ज्याला शामरावचं नाव धड माहीत नाही तो आत्मा वाटून गेला, आणि मी इथे चार दिवस घाम गाळतोय!

मी उभा राहिलो. चांगला बोललो, स्वतःच सांगतो. म्हणालो, "या देशात जिथं जिथं मालगाडी जाते, तिथं तिथं शामरावचं अक्षर गेलं. काश्मीरच्या बाजूले गेलं, मद्रासले गेलं. तो स्वतः मात्र भंडाऱ्याच्या पुढं कधी गेला नाही." आठाचा तीन सांगितला, फिनाईलचा वास सांगितला. वेशीबाहेरच्या आज्याचंही सांगितलं, आणि मला तेव्हा उत्तर आलं नाही हेही.

मग सवयीने आवाज खाली आला. आवाज खाली आला की पुढे ते वाक्य येतं, वीस वर्षांची वाट आहे ती. "आणि शेवटी," मी म्हणालो, आणि दात आवळले.

मागे सरता येईना, पुढे जाता येईना. बसावं तर शेवट राहतो, बोलावं तर वचन जातं. मेणबत्तीचं मेण ओघळत होतं. पद्मिनी बायकांतून मला खुणा करत होती, बसा म्हणून.

तेवढ्यात सरितावहिनी उठल्या.

"भाऊजी, मले ते सांगून गेले होते," त्या म्हणाल्या. "म्हणे, नरहरी शेवटाले अडकन. वचन मोडणार नाही अन् वाक्यबी सोडणार नाही, तसाच उभा राहील. मंग त्याले सांग, म्हणून टाक बाबा. मले आत्मा नाही, पण त्याले हाय ना. ते वाक्य म्हटल्याबिगर त्याच्या आत्म्याले शांती नाही भेटायची."

आधी कुणीतरी मागे फिसकन हसलं. मग वर्कशॉपातले सगळे म्हातारे हसले, वहिनी हसल्या, डोळे पुसत प्रशिकही हसला. दुखवट्यात असं हसणं मी सत्तेचाळीस सभांत ऐकलं नव्हतं. मेल्यावरही माझा चहा कडू करून गेला लेकाचा.

परवानगी मिळाली होती. मी हात जोडले, त्याच्या फोटोकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

वाक्य आठवेना. जे झोपेतही म्हणू शकलो असतो त्याचा पहिला शब्दसुद्धा सापडेना. फोटोतला शामराव बघत होता, आता बोल की, असं.

"शामराव," मी म्हणालो, "तू गेल्यापासून मले करमून नाही राहिलं रे."

आणि खाली बसलो.