वांगी सोलायची पाळी

धरणगावला वच्छलाअक्कांच्या मळ्यात दर हिवाळ्यात आम्हा लिहिणाऱ्यांची भरीत पार्टी होते. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजेपर्यंत प्रत्येकाने आपली नवी कथा वाचायची आणि शेवटाआधी थांबायचं. कुणी शेवट ओळखला, की त्या लेखकाने सगळ्यांची वांगी सोलायची.

दरवर्षी मीच सोलतो. "प्रेमराजभाऊ, चोर मेहुणाच ना?" असं ललित माझ्या दुसऱ्याच पानाला विचारतो. मेघाचा शेवट मात्र आजवर कुणाला सापडलेला नाही. कालची पोर! जळतो मी तिच्यावर, स्पष्टच सांगतो. तिची स्वच्छ नखं बघून मला भरीतही गोड लागत नाही.

यंदा मी कंबर कसली. तिची छापून आलेली एकेक कथा पुन्हा पुन्हा वाचली, बाई कुठे चकवते ते हेरलं. माझ्या कथेत तर असा धक्का ठेवला, की ब्रह्मदेवालाही सुचू नये. मेलेला सरपंचच तपासाला आलेला फौजदार निघतो!

मी वाचलं, थांबलो. कुणालाच शेवट सुचेना. ललितनेही हात टेकले.

मग मेघा. पोराला शाळेत सोडून एक बाई रोज भडगावच्या स्टँडवर जाते. भाऊ येणार आहे, असं सगळ्यांना सांगते. भाऊ काही येत नाही. मेघा इथे थांबली.

"भाऊबिऊ कुणी नाही," मी ताडकन म्हणालो. "ती पळून जायचा धीर गोळा करतेय. आज गाडीत बसणार."

मेघाचा चेहरा उतरला. "बरोबर," म्हणाली आणि मुकाट्याने वांगी पुढे ओढली. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

अक्का तिच्याजवळ सरकल्या. "ती गाडीमा बसनी, ते कळनं माय. पन पोरले कोनापान ठी उनी ती?"

"पोराला कुणापाशी ठेवून आली, तेच वाचायचं राहिलंय, अक्का."

"मंग वाच ना!"

ललितने तिच्या हातातलं वांगं काढून घेतलं. "तू वाच, मी सोलतो." बाकीचेही एकेक करून तिच्याभोवती बसले आणि ऐकता ऐकता सोलू लागले.

"अहो, माझा शेवट कुणी ओळखलाच नाही," मी म्हणालो. "सांगू का?"

"थांब रे भाऊ," अक्का म्हणाल्या. "पोरनं काय व्हयनं ते ऐकू दे."

मी थांबलो. सगळ्यांचे हात काळे झाले होते, माझे तेवढे स्वच्छ होते.